दुसरा कप

३ नोव्हेंबर, सोमवार

रोजनिशीची मला हौस नाही. नवा नियम निघालाय म्हणून लिहिते आहे. बाहेरून बोलावलेल्या तज्ज्ञाने रोज काय पाहिलं आणि त्यावरून काय ठरवलं, हे त्याच दिवशी स्वतःच्या हाताने लिहून ठेवायचं, म्हणजे उद्या कोर्टात वकिलाने खोदून विचारलं तर आठवणीवर विसंबावं लागत नाही. नियम चांगला आहे. तो निवृत्तीच्या तोंडावर माझ्या वाट्याला आला, एवढीच तक्रार.

जागा मात्र छान दिली आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी लांब टेबल, दोन खुर्च्या आणि दुपारभर ऊन. पोलिसांनी आजवर दिलेल्या खोल्यांपैकी नळाला पाणी आणि दाराला साखळी, दोन्ही असलेली ही पहिलीच. माझी बॅग निरीक्षकांनी स्वतः वर आणली. वयाने माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण जिना चढून माझ्याहून जास्त धापा टाकत होते. म्हणाले, मॅडम, फाईल जुनी झाली, आता आम्हीही जुने व्हायला लागलो. मी म्हटलं, मी आधीपासूनच आहे, तेव्हा जमेल आपलं.

धाकटीला फोन केला. माझी बहीण, नवरा गेल्यापासून एकटी राहते. मी पोचल्याचं कळवलं नाही तर जेवत नाही, आणि कळवलं की तासभर सोडत नाही. येत्या रविवारी इकडे राहायला येते म्हणाली. ये म्हटलं. आज बऱ्याच दिवसांनी शांत वाटतंय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर फाईल वाचली. थोडक्यात अशी आहे.

तीन बायका, तिघींचाही गळा समोरून दाबलेला. वेळ भर दुपारची, चहाची. धडपडीची खूण कुठेही नाही. कडीकुलूप शाबूत, दार आतून त्यांनीच उघडलेलं. टेबलावर दोन कप. जाताना तो समोरची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून जातो.

पहिली निवृत्त मुख्याध्यापिका, एकटी राहायची. दाराबाहेर कोणीतरी येऊन उभं राहतं, खोकतं, अशी तक्रार तिने केली होती. म्हातारपणाचे भास म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

दुसरी तिची शेजारीण, शिवणकाम करणारी. त्या दिवशी जिना उतरणारा माणूस हिने पाठमोरा पाहिला होता. ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला तिने त्याची चाल करून दाखवली, आणि दर वेळी तो माणूस जरा जास्त स्पष्ट होत गेला. कोट, उंची, खांद्याचा कल.

तिसरी पोलिसांसाठी चेहरे काढणारी चित्रकार. शिवणवालीच्या सांगण्यावरून तिने त्याचं चित्र काढलं. शिवणवाली गेल्यावर तेच चित्र पुन्हा पुन्हा सुधारत बसली होती.

निरीक्षकांचं म्हणणं, तो साक्षीदार संपवतोय. ठीक आहे. पण जिने त्याचा चेहरा स्वतःच्या हाताने काढला, तिने त्यालाच दार उघडून चहा का दिला? यावर निरीक्षक म्हणाले, म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

माझं काम तेवढंच आहे. न पाहिलेल्या माणसाचा स्वभाव त्याने मागे ठेवलेल्या खोलीवरून ओळखायचा. आमच्यात त्याला स्वभावचित्र म्हणतात. तीस वर्षं करते आहे. आता माणसं ओळखण्याचाही कंटाळा येतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

माझी पद्धत लिहून ठेवते, कारण कोर्टात ती हमखास विचारतात आणि हसतात. मी समोर रिकामी खुर्ची ठेवते. तिथे तो बसला आहे असं धरून त्याला प्रश्न विचारते. त्याने पाय कसे ठेवले असतील, कोणत्या प्रश्नाला खाली बघितलं असतं, असं एकेक ठरवत जाते. माणूस एकदम दिसत नाही. हळूहळू जमतो, सायीसारखा. हा चहाला येणारा, म्हणून आज त्याच्यासमोर कपही ठेवला.

हे धाकटीला सांगितलं. मोठ्याने हसली. म्हणाली, "ताई, चांगली चांगली स्थळं हाकललीस, आणि आता एका खुन्यासाठी चहा टाकतेस होय!" मग जावईबापू दिसायला कसे, पगार किती, सगळं विचारून झालं. मी सांगत गेले. तिला असल्या गोष्टींचा भारी नाद, आणि दिवसभर कोणाशी बोलायला नाही. शेवटी विचारलं, साखर किती घेतात? ते मला माहीत नाही म्हटलं. तीस वर्षांचा अनुभव आणि साखर माहीत नाही, असं म्हणून तिने फोन ठेवला.

८ नोव्हेंबर, शनिवार

स्वभावचित्र झपाट्याने होतंय. इतक्या झपाट्याने पूर्वी कधी झालं नव्हतं. मजकूर वेगळ्या कागदांवर आहे, इथे उतरवत नाही. शिस्तीच्या घरात वाढलेला. बोलावल्याशिवाय न बसणारा. आपण नकोसे आहोत हे लहानपणापासून ठाऊक असलेला.

एक गोष्ट पुरावा नसताना लिहिली. त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, म्हणून तो मान कलती ठेवतो. हे कुठून सुचलं सांगता येत नाही. असं मी सहसा करत नाही. थकले असेन.

धाकटीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. कानाचं ऐकून च् च् केलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

काल धाकटी आली नाही. गुडघा धरला म्हणाली.

आज सकाळी समोरची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती. मी ती काल बाहेरच ठेवली होती, काम अर्धवट होतं. झाडायला येणाऱ्या बाईंवर ओरडले. त्या म्हणाल्या, बाई, मी आत्ता येतेय, माझी चप्पलसुद्धा अजून पायात आहे. खरं होतं. मग मीच सरकवली असेल.

भिंतीवर लावलेलं, चित्रकार बाईंनी काढलेलं त्याचं चित्र पाहिलं. मान कलती आहे.

पहिल्या दिवशी तो सरळ बघत होता. माझी नजर अजून शाबूत आहे. निरीक्षकांना बोलावून विचारलं. ते म्हणाले, मॅडम, ते पहिल्यापासून असंच आहे, आमच्यात त्याला वाकडमान्या म्हणतात. मग म्हणाले, दोन दिवस सुट्टी घ्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ठशांचा अहवाल पुन्हा मागवला. दुसऱ्या कपावर फक्त त्या त्या बाईचेच ठसे. त्याने पुसले असतील, सगळ्यांनी असंच धरलं. मीही धरलं. पण पुसले तर बाईचे कसे राहिले? भिंग लावून छायाचित्रं पाहिली. तिन्ही ठिकाणी दुसरा कप काठोकाठ भरलेला, वर साय धरलेली. कोणी तोंड लावलेलं नाही.

चहा तो आल्यावर ओतलेला नाही. त्याच्या आधी ओतलाय, रिकाम्या खुर्चीसमोर.

हे ओळखायला मला आठ दिवस लागले आणि मी रोज तेच करते आहे. याला आमचा धंदाच कारणीभूत. खून झालेल्या खोलीत आपल्या माणसांचे ठसे, आपल्या माणसांची पावलं आधी वगळायची, हे पहिल्या दिवशी शिकवतात. तसंच आम्ही वगळलं. शिवणवाली आणि चित्रकार आमच्या बाजूच्या, त्याला शोधणाऱ्या, म्हणून त्यांनी स्वतः काय केलं ते कोणी पाहिलंच नाही. त्या त्याचा विचार करत होत्या. इतक्या नीट, की —

पहिलीने खोकला ओळखला. दुसरीने चाल आणि पाठ दिली. तिसरीने चेहरा दिला. त्या क्षणी जिला तो सर्वांत जास्त माहीत, तिच्याकडे तो येतो. आणि दर वेळी थोडा जास्त होऊन येतो.

मी त्याला मन दिलं.

हे मूर्खपणाचं आहे हे मला कळतंय. तरी लिहिते. नियम आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी जिन्यात खोकला. कोरडा, दोनदा. दार उघडलं नाही. जिना रिकामाच असणार, पण पाहायला गेले नाही.

सरळ बॅग भरली. परत जायचं, फाईल निरीक्षकांच्या गळ्यात मारायची, पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. निघण्याआधी धाकटीला फोन केला. ती हसत होती. म्हणाली, ताई, वय झालं बघ माझं, आज चहा गाळताना दोन कप काढले. एकटीला दोन कप! आणि मग, तुझ्या त्या वाकडमान्याची दया येते गं मला, कोणी ऐकत नाही बिचाऱ्याचं —

वाकडमान्या हे नाव मी तिला सांगितलं नव्हतं.

साखळी लावून बस म्हटलं. लावलेलीच असते म्हणाली.

बॅग उघडली. कपडे परत कपाटात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मी गेले तर ती. मी विसरले तर ती. सगळं तिला मीच सांगितलंय.

फाईल पुन्हा काढली. दोन ओळी, ज्यांवरून आम्ही सगळे पुढे गेलो होतो. शिवणवालीची लेक त्या दिवशी माहेरी आलेली, आतल्या खोलीत झोपलेली. तिला ओरखडाही नाही. चित्रकार बाईंची आई अंथरुणाला खिळलेली, त्याच घरात. आईला ओरखडाही नाही. निरीक्षक याला नशीब म्हणतात. लेकीने पाठीचं वर्णन ऐकलं होतं. आईने चित्र पाहिलं होतं. दोघींनाही तो माहीत होता, पण थोडा कमी.

त्यांनी दार का उघडलं ते कळलं, आतल्या माणसासाठी. त्या बायका मूर्ख नव्हत्या.

मुख्याध्यापिकेचं अजून कळत नाही. तिला मागे कोणी नव्हतं. कदाचित तिला नुसतं वाटलं असेल, कोणीतरी यावं.

खोकला. आता दाराशी. आज दुपारी नाही, सकाळीच.

धाकटीचा फोन दोनदा येऊन गेला. घेतला नाही. आधी काय सांगायचं ते नीट ठरवायला हवं. ती माझा आवाज लगेच ओळखते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुपूर्द केल्याची नोंद.

निरीक्षकांना : मूळ फाईल, छायाचित्रं, भिंतीवरचं चित्र उलटं करून, कागदात गुंडाळून. सोबत माझ्या सहीचं एकपानी स्वभावचित्र. त्यातला माणूस बुटका, बडबड्या, दारू पिऊन बहुधा मेलेला. कोणाच्या लक्षात राहणार नाही असा. काम चांगलं झालंय. निरीक्षक वाचून जरा हिरमुसले. एवढाच का, म्हणाले. एवढाच म्हटलं. फाईल बंद करा.

खरे कागद : सिंकमध्ये जाळले. राख वाहून गेली.

धाकटीला : सकाळी फोनवर तेच खोटं. मी चुकले होते म्हटलं, मान, कान, खुर्ची, सगळं माझ्या मनाचं. ती म्हणाली, "इश्श, एवढाच निघाला होय? मी उगाच जीव लावून बसले होते." आणि हसली. आज किती कप काढलेस विचारलं. एक, म्हणाली. आणखी कोणाला देऊ? माझी निळी शाल तिला कुरियरने पाठवली आहे. तिने नेहमी मागितली, मी कधी दिली नाही.

आता त्याला मीच एकटी ओळखते.

ही वही : टेबलावर. निरीक्षकांनी वाचली तर पहिली चार पानं वाचावीत, पुढची नाहीत. ऐकणार नाहीत. म्हणून मधली पानं आता फाड —

खोकला. दाराशीच.

दोन कप ओतले आहेत. ऊन टेबलावर आलंय. साखळी मी काढली. कोणी सांगितलं नाही, माझी मी काढली.

तो बोलावल्याशिवाय बसत नाही. या म्हटलं. उजव्या बाजूने म्हटलं, मोठ्याने.

त्याला : चहा. साखर किती ते विचारायचं राहिलं होतं, ते विचारलं, आणि त्याने माझ्याकडे मान कलती करून दोन बोटं वर —