काकासाहेबांना आलेली माफी

छावणी, ११ जानेवारी २०२६

ती. बाबांस,
शि. सा. न.
फोनवर आपलं लगेच भांडण होतं, म्हणून लिहितेय. आपल्या पंपाच्या दुकानात तक्रारींना आता एआय उत्तरं देतं. मी कारागिरांजवळ थांबते, तरी गिऱ्हाईक ताटकळत नाही. पाडव्याला दुकान भाड्यानं द्यायचं तुम्ही म्हणताय, पण यानं धंदा वाढणार, याची मला खात्री आहे. तोवर दम धरा. गुडघ्याला तेल लावता ना?
माया पातळ होऊ देऊ नका.
संस्कृती

देवगाव रंगारी, २४ जानेवारी

चि. संस्कृतीस,
अ. उ. आ.
काल आपले जुने गिऱ्हाईक काकासाहेब तोंड पाडून ओट्यावर बसले. मोटर जळाल्याचं त्यांनी कळवलं, तर तुझ्या एआयनं दुकानाच्या नावानं गैरसोयीबद्दल क्षमस्व म्हणून लिहिलं. म्हणाले, रामकिसन, जन्मभर तू मला झापलं, आता परक्यावानी माफी मागतो, माझं काय चुकलं? लई लागलं त्यांना. नवा पंप दुसरीकडून घेणार म्हणतात. अगं, पाण्याविना कोरडी चालवली का, असं आधी दरडावायचं असतं, मग गिऱ्हाईक खरं बोलतं. असलं गोडबोलं यंत्र धंदा बुडवील. पाडव्याचं ठरलं ते ठरलं.
जेवणाची हयगय करू नको.
तुझे बाबा

छावणी, ८ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न.
हसले, मग वाईटही वाटलं. काकासाहेबांकडे स्वतः जाऊन आले. पंप आपल्याकडूनच घेतायत. तुम्ही आधी काय विचारता, कसं दरडावता, ते सगळं एआयला शिकवलं. आता लोक खरं सांगतात आणि कारागीर योग्य सामान घेऊनच निघतो. जे त्याला ठाऊक नाही, ते मला विचारतं. एकदा पारखून तर बघा.
राग धरलात तरी लोभ सोडू नका.
संस्कृती

देवगाव रंगारी, २२ फेब्रुवारी

चि. संस्कृतीस,
अ. उ. आ.
पारखलं. शेजारच्या प्रांजलीच्या फोनवरून, सांडू या खोट्या नावानं. मोटर तापते म्हणून खोटंच कळवलं. त्यानं विचारलं, कोरडी चालवली का? नाही म्हणालो, तर म्हणालं, खरं सांगा. मग मुद्दाम विचारलं, पाडव्याला दुकान बंद होणार, असं ऐकतो, खरं का? त्यावर म्हणालं, हे मला ठाऊक नाही, ताईंना विचारतो. जरा वेळानं तुझं उत्तर आलं: दुकान बंद होणार नाही, मी आहे.
मला लिहिलं असतंस तर मी वाद घातला असता. तू गिऱ्हाइकाला शब्द दिलास, पोरी. तो मोडायचा नसतो. भाडेकरूला मी नाही म्हणून कळवलंय.
तुझे बाबा