बिनमिठाचा बांगडा

रत्नागिरी

ती. आई,
पायांवर डोकं ठेवते.

माझं इथे यायचं ठरलं त्या सकाळी आपण दोघी खळ्यात सुके बांगडे उलटत होतो. कावळे हाकलता हाकलता तुम्ही म्हणालात, “तुझ्या ईशाला मी बघत्ये, तू जा, शीक.”

काल इस्पितळात माझी आहार सहाय्यकाची परीक्षा झाली. वाट्याला आल्या पूर्णगडच्या मथुराआजी. हृदयाचा आजार, पायांना सूज, मीठ बंद. त्या जेवल्या तरच मी पास. त्यांच्या घरच्यांनी मायेने पेजेसोबत सुका बांगडा लपवून आणलेला, तो मी काढून घेतला.

“नुसती पेज तू गिळशील?” आजी खेकसल्या.

परीक्षक मॅडमना विचारून मी ताजा बांगडा लसूण-तिरफळ लावून हळदीच्या पानात भाजला, ह्यांना आवडायचा तसा. हे गेल्यापासून तिरफळाला हात लावला नव्हता. आजींनी काटेसुद्धा चोखले.

“मीठ घातलंस गो, लबाडे!”

कणभरही नव्हतं. पास झाले, आई!

ईशा रात्री मला शोधते का? खरं कळवा. तुम्हीही पेजेत मीठ कमी घाला.

आज पांढरा कोट घालून अख्ख्या वॉर्डाची ताटं मी एकटीने तपासली आणि वाढली.

तुमची,
दर्शना