दाराबाहेरची बादली

प्रिय धनू,

त्या सकाळी मी बादली भरून दाराबाहेर ठेवली, दोरीवर धुतलेली लुंगी टाकली आणि भाकरीचं पीठ मळायला बसले. रात्रपाळी सुटली की सव्वाआठला तुझे काका आपल्या दिंडोलीच्या गल्लीत शिरायचे. अंगावर मिलचे कपडे असेपर्यंत मी त्यांना उंबरा ओलांडू देत नसे. पहिले पाणी, मग घर. तू सहावीपासून आमच्याकडे होतीस, तुला काय सांगायचं. रंगखात्याचे कपडे वेगळ्या बादलीत आणि माणूस बाहेरच्या मोरीवर. थंडीत ते कुरकुरायचे, तुला म्हणायचे, "तुनी काकू माले म्हैस समजस." आणि तू नळीचं तोंड अंगठ्याने दाबून त्यांच्या पाठीवर धार सोडायचीस. त्या दिवशी सव्वाआठ झाले, नऊ झाले. बादली भरलेलीच राहिली.

पुढचं मी तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्यांच्याच खात्यातला सुकदेव बरा होऊन घरी आला, तेव्हा माझ्याजवळ बसून सगळं सांगून गेला. हे तुला आज पहिल्यांदा कळतंय. तो म्हणाला, दोन पिंपांतलं रसायन एकत्र झालं, वायू सुटला आणि नऊ जणांना तुझ्या दवाखान्यात आणलं. पहिल्या गाडीत काका होते. तू त्यांना पाहिलंस आणि स्ट्रेचर धरून तशीच आत पळालीस, थेट खाटेपर्यंत. त्यांचे कपडे रसायनाने भिजलेले होते. पाच मिनिटांत तुझ्या जोडीच्या नर्सच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, वॉर्डबॉयला खोकला थांबेना. तेव्हा तू बाहेर धावत आलीस आणि बाकीच्या आठांना दारातच अडवलंस. माळ्याकडून बागेची नळी ओढून आणलीस. चादरी धरायला लावून आडोसा केलास, कात्रीने सदरे कापलेस, एकेकाला डोक्यापासून पायापर्यंत धुतलंस आणि मगच आत पाठवलंस. सुकदेव हसत म्हणाला, "वहिनी, मी लाजत होतो तर मला म्हणते कशी, काकूच्या मोरीवर बसलाय समजा." मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, हे कुठे शिकलीस, तर तू सांगितलंस, आमच्या घरची रीत आहे. ते आठही जण आपापल्या घरी आहेत. सुकदेवच्या मुलीचं लग्न ठरलंय, आमंत्रण तुझ्या नावाचंही आलंय.

त्या दिवसाला चौदा महिने झाले. तू दर रविवारी येतेस, केळी आणतेस, माझी औषधं बघतेस आणि मोरीकडे पाठ करून बसतेस. गेल्या रविवारी तू फळीवर दवाखान्यातल्या आपत्तीच्या सरावाची एक पुस्तिका विसरलीस. गुजराती मी दुकानांच्या पाट्यांवरून आणि पुड्यांच्या कागदांवरून शिकले हे तुला माहीत आहे, त्यामुळे तू गेल्यावर ती पूर्ण वाचली. मागे प्रश्न होते. एकाच वेळी पुष्कळ जखमी आले तर सांभाळू शकाल का, विषारी वायूचे रुग्ण आले तर काय करायचं ते ठाऊक आहे का, तुमची तयारी किती वाटते, एक ते पाच. तू सगळीकडे एकावर, म्हणजे सगळ्यांत कमीवर, गोल केला होतास. आत घडी केलेला तुझा अर्ज होता, सरावाच्या पथकातून माझं नाव कमी करावं म्हणून.

मागे वाचनालयात एक लेख वाचला होता. ठिकठिकाणच्या नर्सबाया अशाच प्रश्नांना उत्तर देतात, आमची तयारी अपुरी आहे. तेव्हा मला ते वाचून भीती वाटली होती. आता वाटत नाही. जिने पाहिलंय तिलाच काय कमी पडतं ते कळतं. तुझी अर्धी उत्तरं खरीच आहेत, दाराशी नळी नव्हती, मास्क नव्हते, कुणी काही शिकवलं नव्हतं. ते दवाखान्याने भरून काढायचं आहे. पण उरलेल्या अर्ध्या उत्तरांत तू काकांचं जाणं स्वतःच्या नावावर मोजलंयस.

तर ऐक. डॉक्टरांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं, ते सगळ्यांत जास्त वेळ आत होते, फुप्फुसं आधीच गेली होती, पाण्याने काही झालं नसतं. आणि समज डॉक्टर चुकले. तरी मी तुझ्या जागी असते तर मीही त्यांना उचलून आतच पळाले असते. बावीस वर्षं मी त्या माणसाला दाराबाहेर थांबवलं, धनू. शेवटच्या दिवशी कोणीतरी त्यांना न थांबवता आत नेलं. ते तू होतीस, याचं मला बरं वाटतं. हे मी चौदा महिन्यांपूर्वी बोलायला हवं होतं. तू दर रविवारी वाट पाहत असशील आणि मी चहा टाकत राहिले.

तुझा अर्ज या पाकिटात परत पाठवतेय. द्यायचा की फाडायचा ते तू ठरव, मी रागावणार नाही. शनिवारी तुमच्याकडे सराव आहे आणि रुग्ण म्हणून बसायला माणसं हवीत, असं पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी बसने तुझ्या दवाखान्यात गेले. मेट्रनबेन म्हणाल्या, "मासी, पाणी ठंडुं हशे." मी म्हटलं, थंड असलं तरी चालेल. आणि यादीत पहिलं नाव माझं लिहून आले.

तुझीच,
काकू