दोन नात्यांचे मामा

तीर्थरूप सिद्धलिंगप्पा मामांना (आणि दाजींनाही, दोन्ही एकदमच लिहितो, पुन्हा घोटाळा नको) नंदीशचे शरणु शरणार्थी. तुमचा गुडघा कसा आहे? माझा जीव तर आता भांड्यात पडला. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून काल अक्काला विचारलं. ती म्हणाली, "रुसलेत लई. पण लग्नाला नवा सदरा शिवायला टाकलाय की!" मामा, ते ऐकून मी कारखान्यात टॉवेलांच्या गठ्ठ्यावर बसून मोठमोठ्यानं हसलो.

झालं असं. हल्ली कॉम्प्युटरला साध्या मराठीत सांगितलं की तो आपला आपण प्रोग्रॅम लिहून देतो. मला ते यंत्र चालू-बंद करण्यापलीकडं काही येत नाही, तरी माझ्या लग्नाची निमंत्रणं त्याच्यावर सोपवली. (आई म्हणालीच होती, "त्या डब्याला आपलं गणगोत कळंल व्हय?") सगळ्यांची नावं-नाती दिली आणि म्हटलं, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे मोबाईलवर पत्रिका पाठवणारा प्रोग्रॅम करून दे. चहा संपायच्या आत तयार! मी कॉलर ताठ केली. तेवढ्यात त्यानं नम्रपणे विचारलं, हा एकच माणूस तुमचा मामा आणि बहिणीचा नवराही, असं कसं? आपल्यात मामाला भाची देतात हे त्याला समजावून सांगायचं सोडून मी घाईत लिहिलं, दोन नाती दिसली की चूक समज आणि नाव काढून टाक. त्यानं निमूटपणे काढलं. तुम्ही गेलात, अक्का गेली (बहीण आणि मामी), होणाऱ्या सासूबाई म्हणजे आपली आत्या, त्याही गेल्या. उरले सूतवाले, रंगवाले आणि बँडवाला.

तुमचं नाव नाही हे पाहिलं आणि मी जेवणावरून उठलो. अप्पा गेल्यापासून शाळेत नाव घालण्यापासून पहिला माग बसवण्यापर्यंत माझ्या मागे तुम्हीच उभे राहिलात. अक्षता पडताना मागे दुसरं कोणी असलेलं मला चालणार नाही. म्हणून ही पत्रिका माझ्या हातानं लिहिली आहे.

तुमचा भाचा (आणि मेहुणा),
नंदीश

ता. क. खरं सांगतो, तुमचं नाव गळल्याचं मला कळलंच नव्हतं. सिद्धेश्वरी ही होणारी बायको आणि आत्याची मुलगीही, त्यामुळं तीही गळाली. शेवटी नवरीनंच फोन केला, "मला पत्रिका आली न्हाय. मी येऊ का नको?" तेव्हा उजेड पडला.

आणखी एक. रुसणं हा जावयाचा हक्कच आहे. तेव्हा दाजी म्हणून मांडवात खुशाल रुसून बसा. अक्षतांच्या वेळी तेवढं उठून मामा व्हा.