अकराव्या पानावरची ओळ

रविवार, १९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. माझं पत्र पाहून तुला आश्चर्य वाटेल. आपल्या दोघांत पत्र लिहायची हौस तुलाच होती, मी फक्त खाली सही ठोकायचो. पण फोनवर तू 'बरं चाललंय' म्हणतेस आणि फोन लेकीकडे देऊन टाकतेस. तीन वर्षं हेच चाललंय. त्याबद्दल तक्रार नाही. मला बोलायचंय ते तिच्याशी बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

घरी सगळे ठीक. हिचा गुडघा अधूनमधून दुखतो, मग जिना चढताना माझ्यावर चिडते, जणू तो जिना मीच बांधलाय. तुझी भाची आता नववीत आहे. उंचीत आईला मागे टाकलंय आणि उलट उत्तरं देण्यात मला.

कारखान्यात मात्र बरंच काही घडलं. आपली निम्म्याहून जास्त खोकी जी औषध कंपनी घेते, तिने यंदा नवीन टूम काढली. माल पुरवणाऱ्या प्रत्येकाने त्यांची आचारसंहिता पाळायची आणि सगळ्या कामगारांना तिचं प्रशिक्षण द्यायचं. चोवीस पानांची पुस्तिका आहे. लाच देऊ-घेऊ नये, जादा काम सक्तीने करून घेऊ नये, बाईमाणसाशी नीट बोलावं, असं सगळं. मालक म्हणाले, "तुझं तोंड बरं चालतं, ही शिकवणी तूच घे." मी दोन दिवस कंपनीच्या ऑफिसात बसून शिकून आलो. शेवटी संगणकावर वीस प्रश्न होते. माझे वीसच्या वीस बरोबर आले. मालकांनी प्रमाणपत्र चौकटीत घालून स्वतःच्या खुर्चीमागे लावलं.

मग एका शनिवारी जेवणाच्या खोलीत बाकं मांडून बेचाळीस जणांना बसवलं आणि मी पुस्तिका वाचायला लागलो. पहिला तास मजेत गेला. भेटवस्तू घेऊ नयेत हे पान आलं तेव्हा आपला वॉचमन म्हणाला, "साहेब, मला आजवर कोणी दिलीच नाही. मग नको कशी म्हणायची, तेवढं शिकवा." सगळे खो खो हसले. मीही हसलो.

अकराव्या पानावर एक ओळ आहे. 'प्रत्येक अपघाताची नोंद जशी घटना घडली तशीच करावी.' मी ती वाचली आणि पान उलटायला गेलो. तेवढ्यात गोंदवाल्या बाईंनी हात वर केला. तुझ्या मशीनशेजारी चिकटवणीच्या टेबलावर असायच्या त्याच. त्या कधी फारसं बोलत नाहीत, तुला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "नोंद चुकीची झाली असेल तर काय करायचं, ते आहे का त्यात?"

नव्या पोरींना काही कळलं नाही, पण जुन्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "पुढच्या पानावर आहे." आणि होतंच. बाराव्या पानावर कंपनीचा तक्रारीचा फोन नंबर आहे. तो मी मोठ्याने वाचला. बाईंनी तो पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून घेतला. दोनदा वाचायला लावला.

ताई, दोन पानं भरली आणि मी अजून आजूबाजूलाच फिरतोय. आता लिहितो.

त्या दिवशी दारात ट्रक उभा होता आणि पुठ्ठा पंचिंग मशीनच्या गार्डला, हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या त्या जाळीला, अडकत होता. तू मशीन बंद करून मला बोलावलंस. म्हणालीस, पुठ्ठा कापायचा डाय नीट बसवल्याशिवाय हे व्हायचं नाही. त्याला तासभर लागला असता. पाना मी आणला. बोल्ट मी काढले. गार्ड उचलून भिंतीला मी टेकवला. तू म्हणालीस, "अरे, हे बरं नाही." मी म्हणालो, "अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. मी आहे ना इथे." आणि मी ट्रककडे निघून गेलो. तुझी बोटं गेली तेव्हा मी ड्रायव्हरशी बोलत होतो.

संध्याकाळी मी नोंदवहीत लिहिलं : 'कामगाराने स्वतःहून गार्ड काढला.' हॉस्पिटलात तुला ते वाचून दाखवलं, तेव्हा तू कागदाकडे नाही, माझ्याकडे पाहिलंस. मग डाव्या हाताने सही केलीस. तेव्हा माझी पोरगी सहावीत होती, हिचं आजारपण चालू होतं, माझी नोकरी गेली तर काय, हे तुझ्या मनात आलं असणार. मी ते ओळखलं आणि त्याचा फायदा घेतला. धन्यवादही म्हणालो नाही, कारण धन्यवाद म्हणायचं तर खरं काय ते बोलावं लागलं असतं.

तू गप्प राहिलीस म्हणजे प्रकरण मिटलं, असं मी धरून चाललो. ते मिटलं नव्हतं. त्या एका ओळीवर तुझी भरपाई नाकारली गेली. आणि तुला माहीत नसलेली गोष्ट सांगतो. तू पलीकडच्या छपाईच्या कारखान्यात काम मागायला गेली होतीस ना, त्यांनी आमच्याकडे फोन करून विचारलं होतं. तो फोन मी घेतला. 'बाई कामाला कशी आहे?' असं विचारलं. मी म्हणालो, "कामाला चांगली आहे, पण अपघात तिच्याच चुकीने झाला." म्हणजे लिहून एकदा आणि बोलून एकदा, असं दोनदा केलं मी.

शिकवणीनंतर चार दिवस मी वाट पाहिली की बाई तो नंबर लावतील. त्यांनी लावला नाही. पाचव्या दिवशी मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कशाला लावू? तुमच्यासाठी लिहून घेतला." आणि एप्रनच्या खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

जेवणाच्या सुट्टीत गोदामात जाऊन फोन लावला. पलीकडून एक मुलगी म्हणाली, "तक्रार कोणाविरुद्ध आहे?" मी म्हणालो, "माझ्याविरुद्ध." ती म्हणाली, "नाव सावकाश सांगा." मी सावकाश सांगितलं.

मग मालकांकडे गेलो. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा बरं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मी त्या दिवशी फक्त 'काहीही कर, ट्रक काढ' म्हणालो होतो. गार्ड काढ म्हणालो नव्हतो." ते खरं आहे, ताई, आणि मी तसंच लिहून दिलंय. मग ते हळूच म्हणाले, "कंपनीने काम काढून घेतलं तर या बेचाळीस जणांना तू तोंड दाखवशील?" पुढचे तीन आठवडे नीट जेवलो नाही.

कंपनीची दोन माणसं आली. नोंदवही पाहिली, पाच जणांशी वेगवेगळं बोलली. काम काढून घेतलं नाही, सुधारायला दोन महिने दिले. आता तिन्ही मशीनना असा गार्ड आहे की तो उघडा असेल तर मशीन सुरूच होत नाही. जुन्या नोंदीखाली नवी नोंद झाली आहे. तिची प्रत सोबत जोडली आहे. भरपाईचा विचारही पुन्हा होणार आहे.

माझं सुपरवायझरपद गेलं. नोकरी राहिली. मी आता गोंदवाल्या बाईंच्या हाताखाली चिकटवणीला आहे. त्या मी चिकटवलेलं खोकं उलटसुलट करून बघतात आणि परत देतात. मग मी ते पुन्हा करतो. घरी हिला आणि पोरीला सगळं सांगितलंय. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आत्याला सांगितलंत का?"

कंपनीच्या चौकशी करणाऱ्या बाईंना तुझं म्हणणं हवं आहे. तुझा नंबर मी दिलेला नाही. तुला न विचारता तुझ्याबद्दल आता काही करायचं नाही, असं ठरवलंय. त्यांचा नंबर नोंदीच्या प्रतीमागे लिहिला आहे. फोन करायचा की नाही हे सर्वस्वी तू ठरव. केला नाहीस तरी खरी नोंद आता पुसली जाणार नाही.

माफ कर, असं लिहिलं की तुला उत्तर द्यावं लागेल, म्हणून लिहीत नाही.

फक्त एवढंच, की त्या चौकशीच्या बाईंशी बोललीस तर या वेळी मला सांभाळून घेऊ नकोस. माझ्या वाटणीचं एक अक्षरही गाळू नकोस.

तुझा धाकटा भाऊ