कपिलचा ट्रॅकर

रचना,

शेजारच्या परीक्षितबरोबर ग्वेल्फबाहेर शेतांकडे जातोय. परतायला पहाट होईल. वरण-भात फ्रिजमध्ये आहे, गरम करून जेव. नागपूरहून तुझ्या सासूचा फोन आला तर मी झोपलोय म्हण.

कपिलचा कॅमेरा आणि ट्रॅकर बेसमेंटमधून घेतलाय. तारे सरकतात तसा ट्रॅकर कॅमेऱ्याला हळूहळू फिरवतो, म्हणून फोटोत त्यांच्या रेघा उमटत नाहीत. हे कपिल मला फोनवर समजावायचा आणि मी नुसतं हो हो म्हणायचो. ट्रॅकर ध्रुवताऱ्यावर रोखावा लागतो. तो इथे कॅनडात नागपूरपेक्षा दुप्पट उंच दिसतो. काल बॅकयार्डमध्ये लावून पाहिलं, जमलं.

हे सगळं विकायची तू दिलेली जाहिरात परीक्षितने मला दाखवली. कपिल गेल्यापासून वर्षभर सामान नुसतं पडून आहे, विकायलाच हवं. मला सांगायला तुला अवघड वाटलं, तेवढंच मनाला लागलं.

शनिवारी विकत घेणारा माणूस आला की सगळं देऊन टाक. कॅमेऱ्यातलं जुनं मेमरी कार्ड मात्र मी काढून टेबलावर ठेवलंय. त्यात कपिलने काढलेले शेवटचे फोटो आहेत. प्रत्येकात तू मधे उभी आहेस, त्यामुळे तारे फारसे दिसत नाहीत.

बाबा