अंगणात लावलेली हरळी

गोरेगाव, २२ मे १९५४
गोंदियाचे डॉक्टर येऊन गेले. होळीत ह्यांना लकवा मारला, तेव्हापासून डावा पाय ओढतात. डॉक्टर म्हणाले, मऊ गवतावर अनवाणी चालवा, मुरमावर पडले तर हाड मोडेल. हे ऐकून ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. पायापेक्षा त्या तोंड फिरवण्याची मला जास्त भीती वाटते. अंगणात नुसता मुरूम. गवत कुठलं आणू?

२ जून
नागपूरहून माझ्या भावाने बंगल्यातल्या गवताचं बी पाठवलं. विलायती म्हणे. तळ्याचा गाळ पसरून पेरलं. रोज दोन वेळा विहिरीचं पाणी. हे खाटेवरून बघतात.

१९ जून
विलायती पाहुणे उगवले तसे करपले. मग धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं गवत आणून पाहिलं. मी स्वतः त्यावर चालले, तळपाय कुसळांनी भरला. आता उरली हरळी. मऊ, चिवट, गणपतीला चालणारी. पण ह्यांनी उभा जन्म ती वावरातून उपटण्यात घालवला! न सांगताच लावावी.

३० जून
पावसामुळे ह्यांची खाट आत घेतली, बरंच झालं. धानाची रोवणी करतात तशी हरळीची कांडी ओळीने खोचली. शेजारची साळूबाई कमरेवर हात ठेवून उभी.
"आमी कंबर मोडून उपटतो, अन तुमी आंगनात रोवून राहिल्या? काऊन जी?"
म्हटलं, "ह्यांच्या पायासाठी." तिचं हसू थांबलं. पदर खोचून माझ्याशेजारी रोवायला बसली.

८ ऑगस्ट
अंगण दाट हिरवं. मोठ्या हौसेने खाट पडवीत आणवली. हे बघत राहिले, मग एकदम ओरडले, "हरळी होय ते! कोनं लावली माह्या आंगनात?" होळीनंतर एवढा आवाज पहिल्यांदा. पाय ठेवायचं तर नावच नाही. जेवलेही नाहीत. सगळी मेहनत पाण्यात. मी खूप रडले.

९ ऑगस्ट
चुलीपाशी होते. बाहेर पाहते तर खाट रिकामी. धावले. हे अंगणाच्या मधोमध बसून हरळी उपटत होते! काठी पडवीतच.
"अहो, आलात कसे?"
मान वर न करता म्हणाले, "मुळासकट काढा लागते. नाही तं वावरात शिरते."
मग गुडघ्यावर हात देऊन उठले. पाय ओढत, पण आपले आपण खाटेपर्यंत गेले. मी देवापुढे बसून रडले, हसलेही. किती दिवसांनी जीव भांड्यात पडला.

१५ ऑगस्ट
निम्मं अंगण साफ. साळूबाई हळहळली, "बाई, तुमचं गवत तं गेलं." जाऊ दे! दुपारी हे झोपले की त्यांनी काढलेल्या ढिगातलीच कांडी परत रोवते, दर वेळी थोडी लांब. काल विहिरीपाशी रोवली. आज हे विहिरीपर्यंत पोचले. होळीपासून लुळा पडलेला डावा हातही मातीत घातला.

१९ ऑगस्ट
जेवताना म्हणाले, "कायची हरळी आहे वो? इकून काढतो तं तिकून निंगून राहिली."
मी खाली मान घालून भात वाढला. बोलले असते तर हसू फुटलं असतं.
आता फाटक. तिथे एक पायरी आहे, उंच. अजून चढलेले नाहीत. कांडी ओल्या फडक्यात बांधून ठेवली आहे. पायरीपलीकडे रोवू का उद्या?